‘हिट’ या इंग्रजी क्रियापदाचे अर्थ आणि वापर: नुसत्या ‘मारणे’वर का भागत नाही

प्रश्न थोडक्यात असा: ‘हिट’ म्हणजे मारणे हे शाळेतच कळतं. मग ‘द टेंपरेचर हिट फॉर्टी’, ‘देन इट हिट मी’, ‘लेट्स हिट द रोड’ या वाक्यांत कोण कोणाला मारतं? आणि आपण बोलताना-लिहिताना हा शब्द कुठे वापरावा, कुठे टाळावा?

गोंधळाचं मूळ शाळेतल्या त्या एका शब्दाच्या अर्थातच आहे. मराठीत ‘मारणे’ म्हटलं की मारणारा लागतो आणि बहुतेक वेळा त्याचा इरादाही लागतो. ‘हिट’ला दोन्हींची गरज नाही. एक वस्तू दुसरीपर्यंत पोचली आणि जोरात भिडली, एवढंच हे क्रियापद सांगतं. ते मुद्दाम झालं की चुकून, समोरच्याला दुखलं की नाही, काही मोडलं की नाही, यातलं काहीही त्यात येत नाही. म्हणून ‘जाऊन भिडणे’ हा गाभा धरायचा. मग पारा चाळीशीला भिडतो, एखादी गोष्ट डोक्यात येऊन आदळते आणि प्रवासाला निघालेला माणूस रस्त्याला लागतो. तिन्ही वाक्यं सरळ होतात.

शब्दाचा इतिहासही याच बाजूचा आहे. इंग्रजीने तो जुन्या नॉर्स भाषेतून घेतला आणि तिथे त्याचा अर्थ गाठ पडणे, सापडणे असा होता. आजच्या स्वीडिशमध्ये त्याच मुळाचं क्रियापद ‘सापडणे’ याच अर्थाने चालतं. फटका मारण्याचा अर्थ इंग्रजीत नंतर बळावला. जुन्या अर्थाचे अवशेष मात्र टिकून आहेत: ‘हिट अपॉन अ सोल्यूशन’ म्हणजे शोधता शोधता तोडगा सापडणे, आणि ‘दे हिट इट ऑफ’ म्हणजे दोघांचं पहिल्या भेटीतच जमलं. या दोन्हींत मारामारीचा मागमूस नाही.

मराठीत उतरवताना ‘हिट’साठी एकच शब्द शोधू नये, कारण आपल्याकडे हे काम अनेक क्रियापदांनी वाटून घेतलं आहे. ‘शी हिट हिम’ इथे ‘तिने त्याला मारलं’ बरोबर आहे. पण ‘द बॉल हिट हिम’ म्हणजे चेंडू त्याला लागला. ‘द कार हिट अ ट्री’ म्हणजे गाडी झाडावर आदळली. ‘शी हिट द बॉल ओव्हर द फेन्स’ म्हणजे तिने चेंडू कुंपणापलीकडे टोलवला. ‘द बुलेट हिट द वॉल’ म्हणजे गोळी भिंतीवर बसली. सगळ्यात फसवं वाक्य ‘ही हिट हिज हेड ऑन द डोअर’ हे. शब्दशः वाचलं तर त्याने स्वतःचं डोकं दारावर आपटून घेतलं असं वाटेल. इंग्रजी माणसाला त्यातून एवढंच कळतं की त्याचं डोकं दाराला लागलं, बहुधा चुकून. अशा न ठरवता घडलेल्या गोष्टीत मराठी त्या माणसाला कर्ता करत नाही (‘माझा गुडघा टेबलाला लागला’), इंग्रजी बिनदिक्कत करते (‘आय हिट माय नी ऑन द टेबल’). हा फरक पचला की निम्म्या चुका थांबतात.

उलट दिशेने जाताना जास्त जपावं लागतं. आपलं ‘मारणे’ फार पसरलेलं आहे. गप्पा मारणे, हाक मारणे, उडी मारणे, चक्कर मारणे, शिट्टी मारणे, यातल्या एकालाही ‘हिट’ लागत नाही. प्रत्येकासाठी इंग्रजीत स्वतंत्र क्रियापद आहे: चॅट, कॉल, जंप, स्ट्रोल, व्हिसल. दगड मारणे हे तर दोन वेगळ्या क्रियांचं एकच मराठी नाव आहे. दगड भिरकावला एवढंच सांगायचं असेल तर ‘थ्रू अ स्टोन अ‍ॅट हिम’, आणि तो लागला असेल तरच ‘हिट हिम विथ अ स्टोन’. तक्रारअर्ज किंवा जबाब इंग्रजीत लिहिताना या दोहोंतला फरक गंभीर ठरू शकतो. तसंच जिवे मारण्याचं. ‘साप मारला’ आणि ‘सापाला मारलं’ यात आपण विभक्तीने फरक करतो, इंग्रजीत तो क्रियापदाने होतो. पहिल्यासाठी ‘किल्ड’, दुसऱ्यासाठी ‘हिट’. साध्या वापरात ‘हिट’चा अर्थ ठार मारणे होत नाही. ‘हिट मॅन’ म्हणजे सुपारी घेऊन खून करणारा, पण तो गुन्हेगारी बोलीतून आलेला वेगळा प्रयोग आहे.

आता वाक्यरचना. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फिलमोर यांनी १९७० साली ‘हिट’ आणि ‘ब्रेक’ या दोन क्रियापदांचं व्याकरण शेजारी ठेवून तपासलं. शिकणाऱ्याला ती तुलना आजही उपयोगी पडते. ‘ब्रेक’ वस्तूची अवस्था बदलल्याचं सांगतं, ‘हिट’ फक्त पृष्ठभागाला झालेला स्पर्श सांगतं. म्हणून ‘द विंडो ब्रोक’, खिडकी फुटली, हे चालतं, पण त्याच धर्तीवर खिडकीला फटका बसला या अर्थी ‘द विंडो हिट’ म्हणता येत नाही. तिथे ‘द विंडो वॉज हिट’ असंच हवं. शिवाय ‘आय हिट द विंडो विथ अ हॅमर, बट इट डिडन्ट ब्रेक’ या वाक्यात कसलाही विरोध नाही, कारण फुटण्याची हमी ‘हिट’ने दिलेलीच नव्हती.

याच स्वभावामुळे ‘हिट’ला शरीराच्या अवयवाची एक खास रचना मिळते: आधी माणूस, मग शब्दयोगी अव्यय, मग ‘द’ आणि अवयव. ‘ही हिट मी ऑन द हेड.’ मराठी वळणाने ‘ही हिट ऑन माय हेड’ लिहिलं जातं, ते चुकीचं आहे. ‘ही हिट मी ऑन माय हेड’ समजतं, पण सराईत कानाला खटकतं. ‘ऑन’ की ‘इन’ यासाठी ढोबळ आडाखा असा: हाड वर असलेला, टणक किंवा बाहेर आलेला भाग असेल तर ‘ऑन’ (हेड, नोज, शोल्डर, नी, एल्बो), आणि मऊ, खोलगट किंवा ज्यात मार रुततो असं वाटतं तो भाग असेल तर ‘इन’ (स्टमक, आय, चेस्ट, रिब्स). चेहऱ्याला ‘इन द फेस’ पाठच करून टाकावं, कारण मराठीतल्या ‘तोंडावर’मुळे हात आपोआप ‘ऑन’कडे जातो.

थेट कर्माच्या आधी मात्र काहीही येत नाही. ‘द बस हिट टू अ ट्री’ ही चूक ‘झाडाला’ यातल्या ‘ला’मुळे होते. ‘द बस हिट अ ट्री’ एवढंच पुरेसं आहे. ‘टू’, ‘ऑन’, ‘इंटू’ यातलं काही नको. ‘इंटू’ हवंच असेल तर क्रियापद बदला: ‘क्रॅश्ड इंटू’ किंवा ‘रॅन इंटू’. ‘हिट अ‍ॅट’ हा प्रयोग आहे, पण त्याचा अर्थ वेगळा. ‘शी हिट अ‍ॅट द फ्लाय’ म्हणजे माशीच्या दिशेने हात चालवला, लागला की नाही ते सांगितलेलं नाही. ‘हिट द स्टिक अगेन्स्ट द फेन्स’ म्हणजे काठी घेऊन कुंपणावर आपटली. इथे हलणारी वस्तू कर्म झाली आणि आघात झेलणारी मागे गेली.

‘बाय’ आणि ‘विथ’ हे आणखी एक अडखळण्याचं ठिकाण, आणि यातही दोष आपल्या प्रत्ययाचा आहे. ‘मुलाने’ आणि ‘दगडाने’ या दोन्हींत आपण एकच ‘ने’ लावतो. पहिल्यात करणारा आहे, दुसऱ्यात साधन. इंग्रजीत करणाऱ्याला ‘बाय’, हातातल्या साधनाला ‘विथ’. ‘ही वॉज हिट विथ अ बॅट’ म्हणजे कुणीतरी त्याला बॅटने मारलं. ‘ही वॉज हिट बाय अ बॅट’ ऐकलं तर बॅट कुणाच्या तरी हातून सुटून त्याला लागली असावी असं चित्र उभं राहतं. म्हणूनच ‘हिट बाय अ कार’, ‘हिट बाय अ फॉलिंग ब्रांच’ हे बरोबर. दंड किंवा अनपेक्षित बिल अंगावर येतं तेव्हा मात्र ‘हिट विथ अ फाइन’, ‘हिट विथ अ बिल’, कारण ते लादणारा कुणीतरी मागे असतो.

काळाच्या रूपांत हे क्रियापद अजिबात बदलत नाही. वर्तमान, भूत आणि भूतकाळवाचक धातुसाधित, तिन्ही ‘हिट’. ‘हिटेड’ असं रूप नाही. ‘आय हिट द ब्रेक्स’ हे एकटं वाक्य आज घडतं की काल घडलं ते कळत नाही, आजूबाजूच्या शब्दांवरून ठरवावं लागतं. तृतीयपुरुषी एकवचनात खूण मिळते: ‘शी हिट्स’ असेल तर वर्तमान, शेवटचा ‘स’ नसेल तर भूत. ‘इंग’ लावताना ‘टी’ दोनदा लिहायचा. आणि ‘हिटिंग’चा अर्थही नीट पाहावा. आघात क्षणात संपतो, त्यामुळे ‘ही वॉज हिटिंग द डोअर’ म्हणजे तो दारावर पुन्हापुन्हा फटके मारत होता. एकाच फटक्यासाठी हे रूप वापरलं तर प्रसंग बदलतो.

उच्चाराचा मुद्दा छोटा पण महत्त्वाचा. वीट, नीट, धीट, मीठ, पीठ: मराठीत अशा शब्दांतला ‘इ’कार लांबवायची जिभेला सवय असते आणि ती सवय ‘हिट’लाही ओढून ‘हीट’ करते. ‘हीट’ म्हणजे उष्णता किंवा गरम करणे. ‘हीट द प्लेट’ आणि ‘हिट द प्लेट’ यातला फरक ऐकणाऱ्याला खरोखर लागतो. स्वर आखूड ठेवा, जवळजवळ तोडल्यासारखा. शेवटचा ‘ट’ आपल्या मूर्धन्य ‘ट’पेक्षा पुढे, वरच्या दातांमागच्या उंचवट्यावर जीभ टेकवून होतो. अमेरिकी बोलण्यात पुढे स्वर आला की तो ‘ट’ विरघळतो आणि ‘हिट इट’ आपल्या कानाला ‘हिडिट’सारखं ऐकू येतं. ऐकून लिहिण्याच्या परीक्षेत हे माहीत नसेल तर शब्द हातातून निसटतो.

जवळच्या शब्दांपैकी ‘बीट’शी होणारी गल्लत सगळ्यात नुकसानकारक. ‘बीट’ म्हणजे एकामागून एक फटके, बदडणे. एक चापट मारलेल्या माणसाबद्दल ‘ही बीट हिम’ लिहिलं तर वाचणाऱ्याला मारहाण दिसते किंवा खेळात हरवलं असं वाटतं, कारण ‘बीट’चा तोही अर्थ आहे. ‘स्ट्राइक’चा अर्थ ‘हिट’सारखाच, पण सूर औपचारिक. कायद्याच्या मसुद्यात, वर्णनपर लेखनात तो शोभतो. काही ठिकाणी मात्र तोच लागतो: काडी ओढणे म्हणजे ‘स्ट्राइक अ मॅच’, घड्याळाचे टोले पडणे म्हणजे ‘द क्लॉक स्ट्राइक्स’. तिथे ‘हिट’ चालत नाही. दारावर टकटक करायची असेल तर ‘नॉक’. कशाने मारलं हे माहीत असेल तर नेमकाच शब्द घ्यावा: मुठीने ‘पंच’, तळहाताने ‘स्लॅप’, पायाने ‘किक’, बोटाने हलकेच ‘टॅप’. माझं ठाम मत आहे की लिहिताना ‘हिट’ हा शेवटचा पर्याय असावा आणि बोलताना पहिला.

लाक्षणिक अर्थ मुख्यतः दोन वाटांनी पसरले आहेत. पहिली वाट गाठण्याची. ‘प्राइसेस हिट अ रेकॉर्ड हाय’, किमतींनी उच्चांक गाठला. ‘सेल्स हिट द टार्गेट’, विक्रीने उद्दिष्ट गाठलं. ‘वी हिट अ प्रॉब्लेम’, वाटेत अडचण आली. या वाटेवरच्या ‘हिट’ला चांगलं-वाईट नसतं. तळ गाठला तरी ‘हिट रॉक बॉटम’च. दुसरी वाट झळ बसण्याची, आणि ती नेहमी वाईटच. ‘द ड्रॉट हिट फार्मर्स हार्ड’, दुष्काळाचा शेतकऱ्यांना जबर फटका बसला. इथे ‘हार्ड’ जागेवर हवं. ‘हार्डली हिट’ लिहिलं तर अर्थ उलटा होऊन ‘जेमतेम लागला’ असा होतो. अशाच लोकांना ‘हार्ड-हिट’ म्हणतात, तर ‘हार्ड-हिटिंग’ म्हणजे कुणाची भीडभाड न ठेवणारा लेख किंवा भाषण. या दोन विशेषणांची अदलाबदल छापील मजकुरातही सापडते. ‘इट हिट मी दॅट...’ या रचनेत जाणीव होणारा माणूस कर्म असतो: मला एकदम लक्षात आलं की. कळ दाबण्यासाठीचं ‘हिट एंटर’, ‘हिट द बटन’ अनौपचारिक आहे. सूचनापत्रिकेत ‘प्रेस’ लिहावं.

‘हिट’नंतर लहान शब्द लागून होणाऱ्या क्रियापदांत ‘हिट ऑन’ सर्वांत जपून वापरण्यासारखं. पुढे माणूस आला की त्याचा अर्थ लगट करणे, प्रेमाचा डाव टाकणे. ‘ही हिट ऑन हर’ असं लिहून ‘त्याने तिच्यावर हात उचलला’ असं सुचवायचं असेल, तर वाचणारा भलतंच समजेल. पुढे कल्पना किंवा युक्ती आली तर मात्र ‘हिट ऑन’ म्हणजे सुचणे. ‘हिट बॅक’ म्हणजे प्रत्युत्तर देणे, ‘हिट आउट अ‍ॅट’ म्हणजे जाहीरपणे तोंडसुख घेणे, आणि ‘हिट समवन अप फॉर मनी’ म्हणजे कुणाकडे पैसे मागणे, हे बोलीतलं.

‘द’ घेऊन येणारे वाक्प्रचार पुष्कळ आहेत आणि बहुतेकांत ‘द’ काढून चालत नाही. ‘हिट द सॅक’ किंवा ‘हिट द हे’ म्हणजे झोपायला जाणे, ‘हिट द बुक्स’ म्हणजे अभ्यासाला बसणे, ‘हिट द बॉटल’ म्हणजे दारूच्या आहारी जाणे, ‘हिट द रूफ’ म्हणजे संतापाने भडकणे. ‘हिट द नेल ऑन द हेड’ म्हणजे नेमक्या मुद्द्यावर बोट ठेवणे. ‘हिट अ नर्व्ह’मध्ये दुखरी नस दाबली जाते. ‘हिट होम’ला ‘द’ लागत नाही. बोललेलं समोरच्याच्या जिव्हारी लागलं किंवा मनाला भिडलं, संदर्भ पाहून ठरवा. ‘हिट द वॉल’ लांब पल्ल्याच्या धावपटूंकडून आलेलं आहे. मॅरेथॉनमध्ये साधारण ३० किलोमीटरच्या पुढे स्नायू आणि यकृतातला ग्लायकोजेनचा, म्हणजे शरीराने साठवलेल्या साखरेचा, साठा संपत येतो आणि पाय एकाएकी जड होतात, ती अवस्था. बाहेर ते ‘आता पुढे एक पाऊलही टाकवत नाही’ या अर्थी चालतं. ‘हिट बिलो द बेल्ट’ मुष्टियुद्धातलं: कमरेखाली ठोसा नियमबाह्य, म्हणून अनुचित वार.

नाम म्हणून ‘हिट’ आपल्या रोजच्या बोलण्यात आहेच, आणि तीच अडचण आहे. ‘पिक्चर हिट झाला’ यात आपण त्याचं विशेषण केलं आहे. इंग्रजीत ते गणनीय नाम आहे, त्यामुळे ‘द फिल्म बिकेम हिट’ चूक, ‘द फिल्म वॉज अ हिट’ बरोबर. कुणाला आवडला हे सांगताना ‘विथ’: ‘अ हिट विथ चिल्ड्रन’. ‘सुपरहिट’ भारतीय उपखंडात सर्रास चालतो, इतरत्र ‘स्मॅश हिट’ किंवा ‘ह्यूज हिट’ जास्त ओळखीचं. ‘टेक अ हिट’ मात्र यशाचं नाही. त्याचा अर्थ फटका सोसणे: ‘प्रॉफिट्स टुक अ हिट’, नफ्याला झळ बसली. ‘हिट-ऑर-मिस’ म्हणजे बेभरवशाचं.

क्षेत्रागणिक या नामाचे अर्थ काटेकोर होतात. बेसबॉलमध्ये बॅट चेंडूला लागली एवढ्याने ‘हिट’ नोंदवली जात नाही. क्षेत्ररक्षकाची चूक नसताना फलंदाज सुखरूप पहिल्या बेसवर पोचावा लागतो. क्रिकेटमध्ये ‘हिट विकेट’ ही बाद होण्याची रीत नियम ३५मध्ये आहे: चेंडू खेळताना किंवा खेळून लगेच पहिली धाव सुरू करताना फलंदाजाच्या बॅटने किंवा शरीराने स्वतःचेच स्टंप पडले तर तो बाद. वाक्यात ते ‘ही वॉज आउट हिट विकेट’ असं येतं, मध्ये ‘द’ किंवा ‘बाय’ काही नाही. संकेतस्थळांच्या मोजणीत ‘हिट’ म्हणजे भेट नव्हे. सर्व्हरकडे गेलेली प्रत्येक फाइलची मागणी ही एक हिट. पानाची मुख्य फाइल, २० चित्रं आणि २ शैलीपत्रकं (पानाचं रूप ठरवणाऱ्या फाइली) असतील तर एका माणसाने एकदा पान उघडल्यावर २३ हिट्स होऊ शकतात. म्हणून ‘आम्हाला एवढे हिट्स मिळाले’ या दाव्यावरून वाचक किती आले ते काढता येत नाही. त्यासाठी ‘व्हिजिटर्स’ किंवा ‘पेज व्ह्यूज’चा आकडा विचारावा. शोधयंत्रात ‘हिट’ म्हणजे जुळलेला निकाल, आणि ‘कॅश हिट’ म्हणजे हवी ती माहिती जवळच्या जलद साठ्यात आधीच सापडली. इथे शब्द पुन्हा त्याच्या ‘सापडणे’ या जुन्या अर्थाला जाऊन मिळाला आहे.

बातम्यांच्या मथळ्यांत हा शब्द वारंवार दिसतो, कारण तो तीनच अक्षरांचा आहे. मथळ्यात घडून गेलेली गोष्टही वर्तमानकाळात लिहायची रीत असल्याने ‘स्टॉर्म हिट्स कोस्ट’ म्हणजे वादळ किनाऱ्यावर थडकलं. ‘फार्मर्स हिट बाय ड्रॉट’ यात मात्र शेतकरी कुणाला मारत नाहीत. मधलं ‘आर’ किंवा ‘वेअर’ हे सहायक क्रियापद गाळलेलं आहे आणि पुढचं ‘बाय’ तेच सांगतं. औपचारिक अहवाल किंवा प्रबंध लिहिताना गाठण्याच्या अर्थी ‘रीच’, झळ बसण्याच्या अर्थी ‘अफेक्ट’ आणि अपघाताच्या नोंदीत ‘स्ट्राइक’ किंवा ‘कोलाइड विथ’ घ्यावं. ‘हिट’ तिथे चुकीचा नसतो, फक्त सैल वाटतो. अपवाद ‘हिट-अँड-रन’चा. धडक देऊन न थांबता पळून जाण्याचं तेच रूढ नाव असल्याने औपचारिक लेखनातही ते तसंच ठेवतात.